तिसऱ्या खुर्चीतले तुळजाजी

तुळजाजी राव काय करतात, या प्रश्नाला त्यांच्या घरात तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. मुलगी अनन्या सांगते, निवृत्त आहेत. जावई रघु सांगतो, सल्लागार आहेत. पत्नी सईबाई भेंडी चिरता चिरता मान वर न करता म्हणतात, "बसतात." सगळी चौकशी झाल्यावर सईबाईंचे उत्तर सर्वांत अचूक ठरले.

सामान्य माणसाची हकीकत लिहिताना केवळ त्याच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. पुढील मजकूर तुळजाजी, सईबाई आणि जननी नावाची एक तरुणी, या तिघांच्या कथनांवरून जुळवला आहे. जेथे कथने जुळत नाहीत तेथे तसे नमूद केले आहे.

घराणे मूळचे तंजावरकडचे. आजोबांच्या वेळी ते मद्रासला आले आणि शहराचे नाव बदलले तरी येथेच राहिले. घरात पूर्वजांचे मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, अशी विभागणी तुळजाजींनी आयुष्यभर पाळली. नोकरी बंदराजवळच्या एका शिपिंग एजंटच्या कचेरीत होती. कारकून म्हणून लागले, हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. अधिकारी होण्याची संधी आली नाही असे नाही. बढतीच्या मुलाखतीला त्यांना बोलावले जाई, समोरचे साहेब विचारत, "आम्ही तुम्हालाच का निवडावं?" आणि तुळजाजी गप्प होत.

"शेजारच्या टेबलावर संताजी बसायचा," ते आजही समजावून सांगतात. "तो माझ्याहून बरा होता. मग मलाच का, हें मी कोणत्या तोंडानं सांगूं?"

संताजीही त्याच मुलाखतीला जात आणि तुळजाजींचा विचार मनात येऊन गप्प बसत, असे संताजींच्या मुलीने, म्हणजे जननीने, सांगितले. दोघांच्या मैत्रीचा पुरावा म्हणून ही गोष्ट पुरेशी आहे. अधिकारी दर वेळी तिसराच कोणी झाला.

निवृत्तीनंतर पश्चिम मांबळम्‌मधले त्यांचे भाड्याचे घर फ्लॅट बांधण्यासाठी पाडण्यात आले आणि नवराबायको अण्णा नगरला मुलीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेली. जावई रघु हा तुळजाजींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लहानपणी त्याला त्यांनी खांद्यावर बसवून मरीनाचा समुद्र दाखवला होता, आणि पाढे चुकले म्हणून एकदा कानही पिळला होता. मग अनन्याशी त्याचे लग्न ठरले. मांडवात तुळजाजींनी चांदीच्या ताम्हनात रघुचे पाय धुतले, अंगठ्यावरचे पाणी डोळ्यांना लावले, आणि त्या दिवसापासून त्याला उलट शब्द बोलले नाहीत. सासऱ्याने जावयाशी वाद घालायचा नसतो. भाच्याशी घालता येतो, पण तो भाचा आता उरला नव्हता.

"भाच्याचे कान मामाच्या हातांत असतात," सईबाई म्हणतात. "ह्यांनीं ते हात ताम्हनांत धुवून टाकले."

रघुची नोकरभरतीची संस्था आहे. शहराबाहेरच्या कारखान्यांसाठी ती उमेदवार शोधते आणि मुलाखतींची व्यवस्था करते. मुलाखत मंडळात कारखान्याचे दोन अधिकारी बसतात आणि एक 'बाहेरचा तज्ज्ञ' असतो. हा तज्ज्ञ रघुने पुरवायचा, असा करार असे. रघुचा पहिला तज्ज्ञ खराखुरा निवृत्त व्यवस्थापक होता. तो अचानक मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखती होत्या.

"मामा, एकच दिवस," रघु वरच्या खोलीत येऊन म्हणाला. "फक्त बसायचं. काही बोलायचं नाही."

"मला काय कळतं त्यांतलं?"

"म्हणून तर म्हणतो, बोलायचं नाही. तुमचे केस, तुमचं नाक, हा चंदनाचा टिळा. बघूनच पोरं सरळ बसतील."

सईबाईंनी विचारले, "टिळा पुसायचा कीं ठेवायचा?"

"ठेवा, अत्तै, भारी दिसतो." मामीला तो लहानपणापासून तमिळमधल्या मामीच्या नावाने हाक मारतो.

सकाळी मुलाखतीच्या टेबलावर तुळजाजींसमोर नावाची पाटी ठेवण्यात आली. तिच्यावर 'माजी विभागीय व्यवस्थापक' असे लिहिले होते. तुळजाजींनी ती वाचली आणि रघुकडे पाहिले. रघु दुसरीकडे पाहत होता.

एक दिवस संपला आणि दुसरा आला. हळूहळू रघुच्या लक्षात आले की आधीच्या बोलक्या तज्ज्ञापेक्षा हा न बोलणारा तज्ज्ञ अधिक उपयोगी आहे. त्याने त्याची एक पद्धतच बसवली. उमेदवार आत आला की तुळजाजींनी वर पाहायचे नाही. उत्तर रंगात आले की पेनाला टोपण लावायचे. उत्तर संपले की खिडकीकडे पाहायचे. बाकी सगळे उमेदवार स्वतः करतो. "तुम्ही कुठे कमी पडता" या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर, म्हणजे कामात फार गुंतून जातो आणि घरच्यांना वेळ देता येत नाही, हे त्याने दोघा अधिकाऱ्यांना सांगून झालेले असते. ते माना डोलावतात. तिसरा माणूस मात्र खिडकीबाहेर पाहत राहतो. मग उमेदवाराला वाटते की याला आपले उत्तर पटले नाही. तो आणखी बोलतो. पाठ केलेले संपते आणि खरे सुरू होते. एका तरुणाने असेच बोलता बोलता वडिलांच्या दारूबद्दल सांगितले. एका स्त्रीने, कोणी विचारले नसताना, आपल्याला दिवस गेले असल्याचे सांगून टाकले. दोघांनाही नोकरी मिळाली नाही.

शांततेला घाबरून माणूस नको ते बोलतो. रघुच्या धंद्याचे रहस्य एवढेच होते.

तुळजाजींना हे सोसत नव्हते, असे ते म्हणतात. सईबाईंचा याला दुजोरा आहे. मुलाखती असल्या की आदल्या दिवसापासून ते जेवत नसत. एकदा त्यांनी धीर करून रघुला सांगितले, "मला आतां सोडा. पाप लागतं."

"कसलं पाप, मामा?" रघु खरोखर बुचकळ्यात पडला. "तुम्ही कुणाला काही विचारता का? काही बोलता का?"

"नाहीं."

"मग?"

यावर तुळजाजींना उत्तर सुचले नाही. मुलाखतीत सुचत नसे तसेच. शिवाय घर जावयाचे, वरची खोली जावयाची, आणि खाली अनन्या दोघांचे बोलणे ऐकत उभी. ते पुन्हा बसू लागले.

जननीची गोष्ट येथे सुरू होते. संताजी वारल्यावर ती आणि तिची आई वेळाचेरीला राहायला गेल्या. तुळजाजी अण्णा नगरला गेले. भेटी थांबल्या. जननी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासनीस होती. तो कारखाना बंद पडला. त्यानंतर आईच्या आजारपणात आणि अर्ज करण्यात दोन वर्षे गेली. अखेरच्या फेरीपर्यंत ती पुष्कळदा पोहोचली होती आणि प्रत्येक वेळी 'मधली दोन वर्षं काय करत होतात' या प्रश्नाशी अडकली होती. या वेळी वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात गुणवत्ता विभागातली जागा होती. ही मिळाली नाही तर आईला घेऊन कोईम्बतूरला मोठ्या भावाकडे जायचे, असे ठरले होते. भावाने तिला तेथे एक खोली दिली होती आणि एक स्थळही पाहून ठेवले होते. तिला दोन्ही नको होते.

मुलाखती एग्मोरच्या एका हॉटेलात होत्या. मंडळाच्या प्रमुख नंदिता सबनीस या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातल्या अधिकारी. त्या पुण्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी उत्पादन विभागाचे कार्तिक. तिसऱ्या खुर्चीत तुळजाजी. मुलाखत इंग्रजीत चालली. संवाद येथे मराठीत दिले आहेत.

उमेदवारांची यादी मंडळाला आधी दिली जाते. ओळखीचे नाव असेल तर सदस्याने तसे कळवून बाजूला व्हायचे, असा कारखान्याचा नियम होता. न कळवता खोलीत ओळख निघाली तर उमेदवार बाद, आणि वर्षभर अर्ज करायची बंदी. तुळजाजींनी यादी पाहिली होती. तीत 'एस. जननी' असे होते. या शहरात वडिलांच्या नावाचे एक अक्षर लावून वावरणाऱ्या एस. जननी गल्लोगल्ली सापडतात. त्यांना संशय येण्याचे कारण नव्हते.

दार उघडले. नंदितांनी "या, बसा," म्हटले. तुळजाजींनी पद्धतीप्रमाणे वर पाहिले नाही. त्यांना फक्त पावले ऐकू आली. ती खुर्चीपाशी थांबली नाहीत. टेबलाला वळसा घालून जवळ आली, आणि त्यांच्या बुटांवर दोन हात टेकले.

संताजींच्या घरची शिस्त अशी होती की वडीलधारे दिसले की वाकायचे. मग ते ठिकाण रेल्वेचा फलाट असो की रुग्णालय. जननी सांगते की तिने काही ठरवले नव्हते. "काका दिसले आणि पाठ वाकली. मग डोकं जागं झालं. तोपर्यंत उशीर झाला होता."

तुळजाजींचा उजवा हात वर गेला. तो अर्ध्यावर थांबला आणि टेबलावरच्या पेनाकडे वळला. जननी म्हणते की ते पुटपुटले, "नल्ला इरु", म्हणजे सुखी राहा. तुळजाजी म्हणतात, आपण तोंड उघडलेच नाही. याचा निकाल लावणे शक्य नाही.

"हे काय होतं?" नंदितांनी विचारले.

कार्तिक गमतीने म्हणाले, "मॅडम, आपल्याला कुणी असा नमस्कार करत नाही."

नंदिता हसल्या नाहीत. "तुम्ही यांना ओळखता?"

उत्तरे तीन होती, आणि जननीने उभ्याउभ्या तिन्ही तपासून पाहिली. 'नाही' म्हणावे तर पुढच्या चौकशीत खोटे उघडे पडणार. 'आमच्याकडे सगळ्याच वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात' म्हणावे, तर कार्तिकही वयाने मोठेच होते आणि त्यांच्या पायांशी ती गेली नव्हती. 'हो' म्हणावे तर बाहेरच्या फलकावर लावलेला नियम तिने वाचला होता.

"हो," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचे मित्र. इथं असतील हे मला माहीत नव्हतं."

"सर, तुम्ही यादी पाहिली होती ना?"

तुळजाजी पेनाकडे पाहत होते.

"सर?"

नंदितांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि समोरचा कागद मिटला. "आय ॲम सॉरी, जननी. मुलाखत इथेच थांबवावी लागेल. मंडळातल्या सदस्याशी ओळख निघाली की माझ्या हातात काही राहत नाही."

जननीने "ठीक आहे, मॅडम," म्हटले आणि पिशवी उचलली. ती दारापर्यंत गेली होती.

"मॅडम, मी सदस्य नाहीं."

आवाज चिरका आला. कार्तिक चमकून वळले. "अय्यो, सर बोलतात!" त्यांच्या तोंडून निघून गेले. या मंडळात ते तुळजाजींबरोबर कित्येकदा बसले होते.

"म्हणजे?" नंदिता.

"ही पाटी खोटी. मी विभागीय व्यवस्थापक कधीं नव्हतो. हेड क्लार्क होतो. मला फक्त बसायला आणतात. माझे गुण कोणी धरत नाहीं, मी देतही नाहीं. मी इथं कोणीच नाहीं, मॅडम. मग माझ्या ओळखीनं हिचं का बिघडावं?"

मग नंदितांनी तुळजाजींना बाहेर बसायला सांगितले, वरिष्ठांना फोन केला आणि जननीला परत खुर्चीवर बसवले. मुलाखत दोघांनीच घ्यायची, निकाल मात्र चौकशी होईपर्यंत राखून ठेवायचा, असे ठरले.

त्या मुलाखतीत तिला दोन वर्षांच्या रिकाम्या काळाबद्दल कोणी विचारले नाही. कार्तिकनी विचारले, "आत्ता जे घडलं, ते पुन्हा घडलं तर तुम्ही काय वेगळं कराल?"

"आधी खोलीत कोण कोण आहे ते नीट पाहीन," जननी म्हणाली. "आणि तरी वाकेन. फक्त वाकायच्या आधी तुम्हाला सांगेन."

कार्तिक हसले, असे ती सांगते. नंदितांनी काहीतरी लिहिले.

अण्णा नगरच्या घरी त्या संध्याकाळी आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते, असे सईबाईंना वाटते. रघु वर आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि अगदी मऊ स्वरात म्हणाला, "मामा, झालं ते झालं. नंदिता मॅडमनी मला आणि तुम्हाला कचेरीत बोलावलंय. तिथं एवढंच सांगायचं. त्या दिवशी साखर उतरली होती. डोकं चालत नव्हतं. काहीबाही बोललो."

"आणि पाटी?"

"पाटी बरोबर होती असं म्हणायचं. तुमच्याकडं प्रमाणपत्र मागायला कुणी येत नाही."

तुळजाजींनी हिशेब केला. पाटी खरी ठरली तर ते सदस्य ठरतात. ते सदस्य ठरले तर ओळख खरी ठरते. "मग पोरगी बाद होईल."

"तिला दुसरी नोकरी मिळेल."

"मिळेल?"

"मामा, तिला मिळेल. मला दुसरी कंपनी मिळणार नाही. अशी गोष्ट गिंडीपासून श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांपर्यंत दोन दिवसांत पोचते. हे घर कशावर चाललंय?"

दाराशी अनन्या उभी होती. "अप्पा," ती म्हणाली, "मी कुणाच्या बाजूनं बोलू ते तुम्हीच सांगा." आणि उत्तराची वाट न पाहता खाली गेली.

रघु गेल्यावर सईबाई बोलल्या. "जन्मभर बोलायचं तेथें गप्प बसलांत. आणि गप्प बसायचं काम मिळालं तेथें बोललांत! तुमचं उलटंच."

"काय करूं मी?"

"मला काय विचारतां? मी काय मंडळाची सदस्य?"

तुळजाजींनी कुंभकोणम्‌ला धाकट्या भावाकडे जाऊन राहण्याचा विषय काढला. भावाने फोनवर आनंदाने होकार दिला आणि लगेच विचारले, "का, जावयाशीं कांहीं बिनसलं?" तंजावरकडच्या मराठी घराण्यांचा समाज लहान आहे. सासरा जावयाचे घर सोडून गेला ही बातमी आठवड्याच्या आत सगळ्या नातलगांत फिरली असती, आणि तिचा अर्थ लोकांनी अनन्याला विचारला असता. तुळजाजींनी "नाहीं नाहीं, सहज," म्हणून फोन ठेवला.

जननीनेही त्या दिवसांत फोन केला. तिला फक्त सांगायचे होते की काकांना त्रास झाला असेल तर क्षमा करावी. चौकशी होणार आहे, काका काय सांगणार आहेत, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे तुळजाजी म्हणतात. निदान नकार देता आला असता, किंवा वचन तरी.

चौकशीच्या दिवशी रघुने त्यांना स्वतः गाडीने गिंडीला नेले. वाटेत त्याने दोनदा उजळणी करून घेतली. "साखर?" "उतरली होती." "डोकं?" "चालत नव्हतं." पाढे म्हणून घ्यावेत तसे. तुळजाजी सगळे बरोबर म्हणत गेले.

नंदितांची खोली लहान होती. खिडकीतून फक्त शेजारच्या शेडचे पत्रे दिसत. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "रावसाहेब, एकच प्रश्न. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते खरं होतं, की तब्येतीमुळे बोललात? रघु म्हणतात, तब्येत. तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

तुळजाजींनी तोंड उघडले. 'साखर' हा शब्द तयार होता. तो बाहेर आला की जननी कोईम्बतूरला जाणार होती. दुसरा शब्दही तयार होता, आणि तो बाहेर आला की अनन्याच्या घराचा आधार जाणार होता. त्यांनी तोंड मिटले आणि पत्र्यांकडे पाहिले.

नंदिता थांबल्या. त्यांना घाई नव्हती.

रघु खुर्चीत हलला. "मामा, सांगा ना."

तुळजाजी पाहत राहिले.

"त्यांना अजूनही बरं नाही, मॅडम," रघु म्हणाला. नंदितांनी मान डोलावली, पण डोळे तुळजाजींवरून हलवले नाहीत. "म्हणजे, वय झालंय," रघु पुढे म्हणाला. "आणि तसं ते कधीच फार बोलत नाहीत. घरीसुद्धा. मुलाखतीतही नाही, तुम्ही पाहिलंच आहे. म्हणजे बोलायची गरजच नसते. त्यांचा नुसता प्रभाव... आता बघा, पोरांना समोर कुणीतरी मोठं बसलेलं लागतं. आमच्या आधीच्या माणसाचंही तेच होतं, पण तो बोलायचा फार. मामांचं तसं नाही. मामांना आम्ही नुसतं बसायला..."

तो थांबला. फार उशिरा थांबला.

"नुसतं बसायला," नंदितांनी त्याचेच शब्द पुन्हा उच्चारले, आणि लिहून घेतले.

तुळजाजी मुद्दाम गप्प बसले काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. सईबाईंना खात्री आहे. त्यांच्या मते नवऱ्याने आयुष्यात एकदाच डोके चालवले ते त्या दिवशी. जननीलाही तसेच वाटते. तिला काका धूर्त असावेत असे वाटून घ्यायचे आहे. तुळजाजी स्वतः मात्र ठामपणे नाकारतात. "मला दोन्हीं शब्द येत नव्हते, एवढंच. बढतीच्या वेळीं झालं तेंच झालं." माझे मत तुळजाजींकडे झुकते. धूर्त माणसाला त्यानंतर थोडा तरी हलकेपणा वाटला असता. त्यांना तो आजतागायत वाटलेला नाही.

परतीच्या वाटेवर रघु एकदाच बोलला. सिग्नलला गाडी उभी असताना म्हणाला, "तुम्ही खोटं बोलला असता तर मी समजून घेतलं असतं, मामा. खरं बोलला असता तरी घेतलं असतं."

कारखान्याने रघुच्या संस्थेशी असलेला करार संपवला. बातमी खरोखरच श्रीपेरुंबुदूरपर्यंत पोचली; आणखी एका कारखान्याने मुलाखती पुढे ढकलल्याचे कळवले. तुळजाजींना घर सोडा असे कोणी म्हणाले नाही. म्हणणे शक्यच नव्हते. मामा, सासरा, आणि वर म्हातारपण. मुलाखतींसाठी इस्त्री केलेले त्यांचे शर्ट कपाटात तसेच टांगलेले राहिले. सकाळी रघु कामाला निघताना "येतो, मामा," म्हणे, तसे म्हणत राहिला. सभ्यपणात कोठे फट राहिली नाही.

मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तुळजाजींचा फोन वाजला. फोन ताटाशेजारीच होता आणि नाव पडद्यावर दिसत होते. रघुला तर नक्कीच दिसले. न उचलणे हेही एक उत्तर झाले असते. तुळजाजींनी डाव्या हाताने उचलला.

"काका, झालं!" जननीचा आवाज मोठा होता, फोन कानाला असूनही टेबलावर ऐकू आला. "पत्र आलं. सोमवारी रुजू व्हायचं. आईला बोलायचंय तुमच्याशी."

"बरं झालं," तुळजाजी म्हणाले.

"भेटायला कधी येऊ? पत्ता अनन्याअक्काला विचारते."

तुळजाजींनी अनन्याकडे पाहिले. ती सांबाराच्या पातेल्यात डाव फिरवत होती, वाढत नव्हती.

"मी करतो फोन," तुळजाजी म्हणाले. "आईला नमस्कार सांग." आणि ठेवला.

"कोण?" रघुने विचारले. त्याला माहीत होते. तरी विचारले.

"संताजीची पोरगी. सोमवारीं रुजू होते."

रघुने मान हलवली. पुढ्यातल्या भातावर दही वाढलेले होते, ते कालवून झाले होते. ते तसेच टाकून तो उठला आणि हात धुवायला गेला. जावई ताटावरून उठला तर घरातल्या कोणी पुढे जेवायचे नाही, ही रीत त्या टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ होती. पण घर जावयाचेच होते, आणि ही रीत सासऱ्याच्या घरासाठी केलेली. ती येथे कशी लावायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. अनन्या डाव हातात धरून नळाच्या आवाजाकडे कान देऊन राहिली.

सईबाईंनी पातेले ओढून घेतले. "भात वाढूं?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

उठून जावे म्हटले तरी जिना त्या टेबलाच्या पलीकडूनच वर जात होता, आणि वरची खोलीही याच घरात होती.

"वाढ," तुळजाजी म्हणाले.